सायकलचा मऊ पडलेला डिस्क ब्रेक: ऑइलला हात लावण्याआधी आणि लावल्यावर

एक २० मिलीची सिरिंज पाण्याने भरा, सगळी हवा काढा, तोंडावर बोट घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या रेटा. जागचा हलणार नाही. आता आत वाटाण्याएवढा बुडबुडा राहू द्या आणि पुन्हा रेटा. दट्ट्या थोडा आत जातो आणि सोडला की मागे येतो. सायकलच्या हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा लिव्हर मऊ लागतो तेव्हा हाताला नेमकं हेच जाणवत असतं. ऑइल दबत नाही, हवा दबते, आणि पॅडपर्यंत पोचायचा जोर बुडबुडा चेपण्यात जातो.

एवढं कळलं की बहुतेक जण लगेच ब्लीड किट, म्हणजे ब्रेकमधली हवा काढून ऑइल भरायचं सामान मागवतात. इथेच घाई होते. मऊ वाटणारा प्रत्येक ब्रेक हवेनेच मऊ झालेला नसतो. डिस्कला घासणारे पॅड संपलेले असतात, पॅडला ढकलणारा एखादा पिस्टन अडकलेला असतो, किंवा हे सगळं ज्यात बसतं तो कॅलिपर तिरका बसलेला असतो. अशा ब्रेकमध्ये नवं ऑइल घातलं तर दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच. शिवाय पॅड झिजलेले असताना वरून ऑइल भरलं, तर पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन पूर्ण मागे जात नाहीत, कारण लिव्हरमधल्या ऑइलच्या टाकीत जागाच उरलेली नसते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हाताने तपासणी, मग पॅड, पिस्टन, कॅलिपर, आणि ऑइल सगळ्यात शेवटी.

गोव्यातल्या सायकलींना यात दोन जास्तीची दुखणी आहेत. सत्तरी, डिचोली, सांगे या भागातल्या खाणरस्त्यांवरचा तांबडा चिखल पावसात पॅड आणि डिस्कच्या मध्ये जाऊन खरकागदाचं काम करतो, आणि तोच वाळला की पिस्टनच्या कडेला घट्ट बसतो. किनाऱ्यालगत, म्हणजे मोरजी, कळंगुट, पाळोळेच्या बाजूला, खारट हवेने कॅलिपरचे बोल्ट आणि ब्लीड निपल (हवा आणि ऑइल काढायचं बारीक तोंड) गंजतात, आणि वेळ आल्यावर निपल सुटायच्या ऐवजी त्याचे कोपरे झिजतात. पावसाळाभर पडवीत टांगून ठेवलेली सायकल चवथ झाल्यावर खाली काढली आणि लिव्हर थेट हँडलला टेकला, असंही होतं. त्यात घाबरण्यासारखं फार नसतं. कारण खाली येईलच.

हात काय सांगतो

सायकल सरळ उभी करा. आपल्याकडे बहुधा उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, पण परदेशी पाहुण्यांकडून घेतलेल्या जुन्या सायकलींत उलटं असू शकतं, तेव्हा आधी ते बघून घ्या. मग दोन बोटांनी लिव्हर एकदाच, सावकाश, शेवटपर्यंत दाबा आणि लक्ष द्या की पॅड डिस्कला कुठे टेकतात आणि त्यानंतर काय होतं.

लिव्हर बराच आत जातो, पण पॅड टेकले की दगडासारखा थांबतो, तर हवा नाही. पॅड झिजलेत किंवा पिस्टन जास्त मागे जातायत. पॅड वेळेवर टेकतात पण त्यानंतरही लिव्हर रबरासारखा आत जात राहतो, तर हवा आहे किंवा कुठेतरी काही वाकतंय.

आता लिव्हर भराभर तीन-चार वेळा दाबा. प्रत्येक दाबाला तो वर येत घट्ट होत गेला, तर पिस्टन मागे सरकण्याआधीच टाकीतलं जास्तीचं ऑइल नळीत येतंय. हे हवेनेही होतं आणि पॅडमधल्या मोठ्या फटीनेही होतं. म्हणून फक्त या चाचणीवर निदान करू नका, पहिल्या सावकाश दाबाचा अनुभव त्याला जोडा.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक वेळा राहून जाणारी. पंप करून घट्ट झालेला लिव्हर जोरात दाबून ३० सेकंद तसाच धरा. तो तिथेच राहिला तर ठीक. हळूहळू हँडलकडे सरकत गेला, तर दाब कुठून तरी निसटतोय. बाहेर ऑइल दिसत असेल तर गळती. बाहेर सगळं कोरडं असेल तर लिव्हरमधल्या मास्टर पिस्टनचं, म्हणजे ऑइल नळीत ढकलणाऱ्या पिस्टनचं सील गेलंय आणि ऑइल त्याच्या बाजूने मागे टाकीत जातंय. असा ब्रेक कितीही वेळा ब्लीड केला तरी सुधारत नाही.

गळती शोधायला टिश्यू पेपर पुरतो. लिव्हरपाशी नळी जिथे शिरते तो नट, कॅलिपरवरचा बांजो बोल्ट (नळी कॅलिपरला जोडणारा), ब्लीड निपल आणि पिस्टनच्या कडा, या चारही जागा कोरड्या पुसा, कोरडा टिश्यू गुंडाळा आणि लिव्हर दहा वेळा जोरात दाबा. टिश्यूवर पारदर्शक किंवा लालसर डाग उठला की जागा सापडली.

आणखी दोन तक्रारी या घोळात येतात. लिव्हर घट्ट आहे पण सायकल थांबत नाही, हा मऊ ब्रेक नव्हे. पॅडवर तेल गेलंय. दसऱ्याला सायकल धुऊन चेनवर भरपूर स्प्रे मारला की मागच्या डिस्कचं असं होतं. दुसरी तक्रार उतारावरची. चोर्ला घाटातून केरीच्या बाजूला उतरताना वर ठीक असलेला लिव्हर खाली येईपर्यंत मऊ झाला आणि गार झाल्यावर परत घट्ट झाला, तर कॅलिपरमध्ये काहीतरी उकळतंय. बहुधा ते पाणी असतं, आणि त्यावर ऑइल बदलणं हाच इलाज. उतारावर लिव्हर घट्टच राहिला आणि फक्त पकड कमी झाली, तर पॅड तापलेत, ऑइल नाही.

लिव्हरवरच्या छोट्या स्क्रूने तो हँडलपासून लांब केला आणि ब्रेक सुधारला असं वाटलं, तर तो भास आहे. त्या स्क्रूने फक्त बोटांपासूनचं अंतर बदलतं. आतली हवा तेवढीच राहते.

वायरचा डिस्क ब्रेक असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तिथे मऊपणा केबलच्या आवरणाचा असतो, ते बदला.

पॅड, पिस्टन, कॅलिपर

चाक काढा आणि पॅड बाहेर घ्या. पॅडच्या लोखंडी पट्टीवरचा घासायचा थर ०.५ मिमी राहिला की पॅड संपले, पण पावसाळ्यात तेवढी वाट बघू नका. सुर्लाच्या बाजूला ओल्या तांबड्या रस्त्यावर दिवसभर चालवायची असेल, तर १ मिमी उरलेले पॅड घेऊन निघणं शहाणपणाचं नाही. शिमानोची नवी डिस्क १.८ मिमी जाड असते आणि १.५ मिमीला बदलायची असते. व्हर्निअर नसेल तर नखाने बघा: कडेला धार आणि मध्ये खळगा लागत असेल तर मोजायची वेळ झाली.

इथे पॅडची निवड येते. सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड चिखलात जास्त टिकतात, पण उष्णता ऑइलकडे जास्त पोचवतात आणि स्वस्त डिस्क खाऊन टाकतात. डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर धातूचे पॅड लावूच नका. आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या सायकलींवर बहुधा अशीच डिस्क येते.

आता पिस्टन. पिस्टनभोवती चौकोनी कापाचं रबरी सील असतं. लिव्हर दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं, आणि सोडला की पिळ सुटून पिस्टनला तेवढंच मागे ओढतं. पॅड झिजत जातात तसा पिस्टन सीलमधून थोडा थोडा पुढे सरकून बसतो. कडेला चिखल वाळला की हे सरकणं थांबतं. पिस्टन सीलला चिकटतो, सील जास्त पिळतं आणि पिस्टन दर वेळी मागे जातो. मग पॅड लांब राहतात आणि लिव्हर खोल जातो. एकच बाजू चिकटली तर दुसऱ्या बाजूचा पॅड डिस्कला ढकलत नेतो, डिस्क वाकते आणि हाताला रबरासारखं लागतं. हवा नसताना हवेसारखा वाटणारा ब्रेक हा असा. पावसानंतरच्या मऊ ब्रेकमध्ये आधी संशय याच्यावर घ्या.

सफाई अशी करा. पॅड बाहेर असताना लिव्हर अगदी हळू दाबत पिस्टन २ ते ३ मिमी बाहेर आणा. त्याहून जास्त नको. पिस्टन पूर्ण निसटला तर सगळं ऑइल जमिनीवर येतं आणि काम तिप्पट होतं. कान साफ करायची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पिस्टनची उघडी कड सगळीकडून पुसा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. मग त्याच ब्रेकच्या ऑइलचा एक थेंब कडेला लावा. मिनरल ऑइलच्या ब्रेकला मिनरल, डॉटच्या ब्रेकला डॉट (ऑइलचे हे दोन प्रकार, कोणता कुठे ते खाली येईल). ग्रीस, डब्ल्यूडी-४०, खोबरेल यातलं काही नको. प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने पिस्टन सरळ आत ढकला, पुन्हा बाहेर आणा, पुन्हा आत ढकला. एक पिस्टन पळतोय आणि दुसरा बसून राहिलाय असं दिसलं, तर पळणारा टायर लिव्हरने दाबून धरा आणि हट्टी पिस्टनला एकट्याला हलवा. चार-पाच फेऱ्यांत दोन्ही जवळपास बरोबरीने चालू लागतात. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. सिरॅमिकच्या पिस्टनचा टवका उडतो आणि नवा कॅलिपर घ्यावा लागतो.

पॅड आणि चाक परत बसवा. कॅलिपरचे दोन ५ मिमी अॅलनचे बोल्ट सैल करा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने आवळत ६ ते ८ न्यूटन-मीटरला आणा. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर कॅलिपर फिरून पुन्हा तिरका होतो. मागे पांढरा कागद धरून कॅलिपरमधून आरपार बघा, डिस्कच्या दोन्ही बाजूंना सारखी फट दिसली पाहिजे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी या बोल्टच्या आट्यांना ग्रीसचं पुसट बोट फिरवावं, डिस्कपासून हात लांब ठेवून.

आता परत पहिल्या तीन चाचण्या करा. अनेक ब्रेक इथेच बरे होतात आणि ऑइलची बाटली कपाटात राहते.

बुडबुडा वर जाऊ द्या

चवथीनंतर खाली काढलेल्या सायकलची गोष्ट इथे लागू होते. टाकीत थोडी हवा असते आणि सायकल सरळ असताना ती वरच राहते, त्रास देत नाही. सायकल उलटी केली, पिकअपमध्ये आडवी टाकली किंवा वाकडी टांगली, की ती हवा नळीच्या तोंडाशी येते आणि कुणी लिव्हर दाबला की आत शिरते. अशा ब्रेकला ब्लीड करण्याआधी एक रात्र द्या. लिव्हर सगळ्यात वर आणि कॅलिपर खाली येईल अशी सायकल उभी करा, जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर हँडलला बांधून ठेवा, नळीवर आणि कॅलिपरवर पान्याच्या मुठीने हलके टकटक करा. सकाळी पट्टी सोडा आणि लिव्हर दहा-बारा वेळा हळू दाबा. हवा थोडीच असेल तर ती टाकीत परत जाते. मात्र टाकीतलं ऑइल कमीच असेल, तर हा इलाज पुढच्या वेळी सायकल आडवी होईपर्यंतच टिकतो.

कोणतं ऑइल

शिमानो, टेक्ट्रो आणि मगुरा मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमचे बहुतेक ब्रेक आणि होपचे ब्रेक डॉट ऑइलवर चालतात, पण स्रॅमचे डीबी ८ आणि मेव्हन मिनरलवर. लिव्हरच्या झाकणावर किंवा कॅलिपरवर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बाटली उघडू नका.

हे ठासून सांगायचं कारण कोपऱ्यावरचं दुचाकीचं गॅरेज. तिथे हात चांगला असतो, साधनं असतात, पण ब्रेक ऑइलचा डबा म्हटला की तो डॉट ३ किंवा डॉट ४ चा. तो शिमानोच्या ब्रेकमध्ये गेला की आतली रबरी सील फुगतात, लिव्हर अर्ध्यातून परत येत नाही, आणि मग नुसतं धुऊन भागत नाही. उलटी चूकही तेवढीच महाग. मिनरलच्या जागी शिवणयंत्राचं तेल किंवा बेबी ऑइल चालतं असं सांगणारे भेटतात. चालत असेलही काही दिवस, पण त्याची दाटी वेगळी, तापल्यावरचं वागणं वेगळं, आणि १०० मिलीच्या बाटलीत दोन्ही ब्रेक होऊन ऑइल उरतं. पैसे वाचवायची ही जागा नाही.

डॉट ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल शोषलेल्याचा किमान १५५. डॉट ५.१ चे तेच आकडे २६० आणि १८०. गोव्याच्या दमट हवेत उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवणं म्हणजे पाणी साठवणं. छोटी बाटली घ्या, उरलं तर टाका. आणि डॉट ५ वेगळंच, सिलिकॉनचं असतं. ५.१ संपलं म्हणून ते घालू नका. मिनरल ऑइल ओल शोषत नाही, पण म्हणून सुटका नाही. सीलमधून शिरलेलं पाणी ऑइलखाली जाऊन कॅलिपरमध्ये बसतं, म्हणजे सगळ्यात जास्त तापणाऱ्या जागी, आणि १०० अंशांच्या आसपास उकळायला लागतं.

ब्लीड: फनेलची पद्धत

खालची पद्धत शिमानोच्या, लिव्हरवर फनेल बसणाऱ्या ब्रेकची. एमटी २०० या मॉडेलपासून वरचे बहुतेक असेच. जुन्या काही मॉडेलना टाकीचं झाकणच दोन स्क्रूंनी उघडावं लागतं. बाकीच्यांसाठी कंपनीचं पत्रक बघा.

सामान: मिनरल ऑइल, फनेल आणि त्याचा दांडीसारखा स्टॉपर, ३० मिलीची सिरिंज, ब्लीड ब्लॉक (पॅडच्या जागी घालायचा ठोकळा), २.५ आणि ५ मिमी अॅलन की, ७ मिमी रिंग पाना (काही कॅलिपरवर निपलऐवजी अॅलनचा स्क्रू असतो), केबल टाय, हातमोजे, भरपूर फडकी, आयसोप्रोपिल अल्कोहोल. नळीसाठी फिश टँकची ४ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी चालते. मेडिकलमधली सिरिंजही चालते, मात्र तिच्या दट्ट्याचं रबर ऑइलने फुगतं, म्हणून एका कामाला एक. डॉटला वापरलेली सिरिंज मिनरलला कधीच नको.

१. चाक आणि पॅड काढा. पॅड पिशवीत घालून दुसऱ्या खोलीत ठेवा. ऑइलचा एक थेंब पॅडवर पडला की तो पॅड गेला. गॅसवर भाजून तो सुधारत नाही, आणि ज्या गॅसवर संध्याकाळी बांगडे तळायचेत तिथे तो धूर नकोच.

२. पिस्टन पूर्ण आत ढकला, ब्लीड ब्लॉक घाला आणि रबर बँडने बांधा. पिस्टन अर्धवट बाहेर असताना भरलेलं ऑइल जास्तीचं ठरतं, हे वर आलंच आहे.

३. लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर असा फिरवा की वरच्या ब्लीड स्क्रूचा माथा आकाशाकडे, जमिनीला समांतर राहील. आजूबाजूची माती पुसा, मगच २.५ मिमी अॅलनने स्क्रू काढा. त्याखालची बारीक ओ-रिंग हरवू नका. फनेल हाताने फिरवून बसवा, पाना लावू नका.

४. कॅलिपरच्या निपलवर आधी रिंग पाना चढवा, मग नळी. उलट केलं तर पाना चढतच नाही. सिरिंजमध्ये ऑइल भरून हवा काढा, नळी ऑइलने तोंडापर्यंत भरा, निपलवर रेटा आणि केबल टायने आवळा. गंजलेला निपल असेल तर आदल्या रात्री थोडं गंज सोडवणारं तेल लावून ठेवा, पॅड बाहेर असतानाच.

५. निपल एक अष्टमांश फेरा सोडा आणि सिरिंज सावकाश दाबा. ऑइल खालून वर जातं आणि फनेलमध्ये बुडबुड्यांसकट वर येतं. जुनं ऑइल काळपट असतं, नवं स्वच्छ, त्यामुळे बदल डोळ्यांनी दिसतो. या वेळी लिव्हर दाबत बसू नका, वर निघालेली हवा पुन्हा खाली खेचली जाते. बुडबुडे थांबले की निपल बंद करा आणि सिरिंज काढा.

६. आता नळीच्या दुसऱ्या टोकाला पिशवी किंवा बाटली लावून नळी पुन्हा निपलवर घाला. फनेल निम्मा भरलेला ठेवा, निपल तेवढाच सोडा आणि ऑइल स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. ब्रेकची नळी हलवा, कॅलिपरवर आणि लिव्हरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. कॅलिपरच्या कोपऱ्यात चिकटलेले बुडबुडे यानेच सुटतात. फनेल रिकामा होऊ दिला तर सगळं पहिल्यापासून.

७. बुडबुडे यायचे थांबले की निपल बंद करा. लिव्हर दाबून धरा आणि निपल अर्ध्या सेकंदासाठी उघडून लगेच बंद करा. दोन-तीन वेळा. दाबाखाली शेवटचे बुडबुडे सुर्रकन बाहेर पडतात. मग निपल ४ ते ६ न्यूटन-मीटरला आवळा.

८. आता लिव्हर हळू दाबा आणि फनेलमध्ये बघा. सोडताना बुडबुडे वर येतात. लिव्हर समांतर ठेवून, मग ३० अंश एका बाजूला आणि ३० अंश दुसऱ्या बाजूला झुकवून हे करा. टाकीच्या आतल्या कोपऱ्यात लपलेली हवा फक्त अशीच निघते, आणि आळस याच पायरीवर होतो. बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वेळ द्या, मग लिव्हर जोरात दाबा. घट्ट लागला नाही तर पायरी ५ पासून पुन्हा.

९. फनेलमध्ये स्टॉपर घाला, खाली फडकं धरा, फनेल काढा. भोकात ऑइल काठोकाठ दिसलं पाहिजे. कमी असेल तर थेंब घाला आणि ऑइल ओसंडत असतानाच स्क्रू लावा, म्हणजे खाली हवा अडकत नाही. हा स्क्रू ०.३ ते ०.५ न्यूटन-मीटरचाच, म्हणजे अॅलन की दोन बोटांत धरून जेमतेम टेकवायचा. जोर लावला तर प्लॅस्टिकचे आटे जातात.

१०. लिव्हर, कॅलिपर, नळी, सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर डिस्कवर राहतो. पेट्रोल नको. हुर्राक, म्हणजे काजूची दारूही नको, तो वाया घालवायची गरज नाही.

ब्लॉक काढा, पॅड आणि चाक बसवा, लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबा, म्हणजे पिस्टन बाहेर येऊन आपली जागा धरतील. मग ३० सेकंदांची आणि टिश्यूची चाचणी पुन्हा करा.

डॉटच्या ब्रेकला दोन सिरिंज लागतात, एक लिव्हरला आणि एक कॅलिपरला. सिरिंजमधल्या ऑइलची हवा आधीच काढून घ्यायची असते: तोंड चिमट्याने बंद करून दट्ट्या मागे ओढला की विरघळलेली हवा बुडबुडे होऊन वर येते. बाकी तत्त्व तेच, खालून वर ढकलायचं आणि उंच ठिकाणाहून हवा बाहेर काढायची. डॉट रंग खातं आणि कातडीला झोंबतं, म्हणून हातमोजे सोडू नका, आणि फ्रेमवर सांडलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. मिनरल ऑइल पाण्याने जात नाही, त्याला अल्कोहोल लागतं.

पॅड नवे असतील तर ब्रेक पहिल्याच दिवशी घाटावर नेऊ नका. रिकाम्या सपाट रस्त्यावर २० ते २५ किमी वेगाने जा, पूर्ण न थांबता चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावा, सोडा, पुन्हा वेग घ्या. एका ब्रेकला साधारण २० वेळा. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पकड येते. पणजीत राहणाऱ्यांना आल्तिनोचा उतार शेवटच्या चाचणीला चांगला, लहान आणि पुरेसा तीव्र. ब्लीडनंतर एखादा हट्टी बुडबुडा पहिल्या एक-दोन फेऱ्यांत वर येऊ शकतो, म्हणून अनमोड किंवा चोर्ल्याला जायच्या आदल्या रात्री हे काम काढू नका.

चाक काढून सायकल नेताना पॅडमध्ये पुठ्ठ्याची दुहेरी घडी तरी घाला. नाहीतर हात चुकून लिव्हरवर पडतो आणि दोन्ही पॅड एकमेकांना चिकटून बसतात. तसं झालं तर ऑइल नाही, प्लॅस्टिकचा टायर लिव्हर लागतो.

पुन्हा मऊ झाला तर

नीट ब्लीड केलेला ब्रेक काही दिवसांत परत मऊ झाला, तर जुनी हवा राहिली असं समजून पुन्हा ब्लीड करत बसू नका. हवा नव्याने शिरतेय, किंवा दाब निसटतोय. पहिला संशय नळीच्या लिव्हरकडच्या टोकावर. तिथे नटच्या आत पितळी ऑलिव्ह (आवळल्यावर नळीवर चेपून बसणारी कडी) आणि नळीत ठोकलेलं टोक असतं, आणि नळी कापली किंवा फ्रेमच्या आतून काढून घातली की दोन्ही नवी लागतात. जुनं ऑलिव्ह परत आवळलं तर गळती इतकी बारीक असते की टिश्यूवर डाग उठायलाही दिवस जातो. ऑलिव्ह आणि टोक नळीच्या प्रकाराप्रमाणे वेगळी येतात. शिमानोत बीएच ५९ चं बीएच ९० ला चालत नाही, नळीवर छापलेलं वाचून मगच मागवा. पडल्यावर हँडल गरकन फिरलं असेल तर ही जागा आधी बघा.

दुसरा संशय बांजो बोल्टच्या वॉशरवर, तिसरा पिस्टनच्या सीलवर. पॅडच्या मागची बाजू ओली असेल तर कॅलिपर गेला. शिमानो कॅलिपरची आणि लिव्हरची आतली सील सुटी विकत नाही, पूर्ण भाग बदलावा लागतो. होप आणि स्रॅमची सील किट मिळतात. लिव्हर कोरडा आहे, सगळे जोड कोरडे आहेत आणि ३० सेकंदांत लिव्हर तरीही हँडलकडे सरकतोय, तर मास्टर सील गेलं. एमटी २०० च्या वर्गातला ब्रेक असेल तर ऑइल भरलेला, नळीसकटचा नवा संच घ्या. नळीची लांबी जुळत असेल आणि ती फ्रेमच्या बाहेरून जात असेल तर बसवताना ब्लीडही करावं लागत नाही. जुना कॅलिपर चांगला असेल तर सुट्या भागांसाठी ठेवा, आणि काढलेलं ऑइल मोरीत ओतण्याऐवजी बाटलीत भरून गाड्यांच्या गॅरेजमधल्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या.